आत्याची घोडी आणि सरकारची तोफ

आत्या फौजेच्या तळावर आली ती आपल्या खेचरांच्या मागोमाग. नवरा गेल्यावर डोंगरातल्या वाटांवर मीठ आणि धान्य वाहण्याचा धंदा तिनंच चालवला होता. मग समुद्रापलीकडून आलेल्या सरकारनं लढाई काढली, वाटेत दिसेल ते जनावर जप्त केलं, आणि आत्याची सात खेचरं अन् एक करडी घोडी सरकारी पागेत जाऊन उभी राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी आत्या पागेच्या दारात हजर.

"काम द्या," ती मुकादमाला म्हणाली. "तुमचे लोक खरारा करतात की भांडी घासतात?"

मुकादम माणूस बरा होता. त्यानं तिला शेण काढायला ठेवलं आणि गवताच्या कोठीमागची खोली दिली. एक खाट, एक चूल, एक खिडकी. खिडकीतून डोंगर दिसायचा. त्या डोंगरावर तिचं माहेर होतं, भाऊ होता, भावाची चार पोरं होती. तिचे लोक तिथं कधीपासून राहतात हे कुणालाच सांगता आलं नसतं, त्यांना स्वतःलाही नाही. सरकारला मात्र तो डोंगर गेल्या वर्षी सापडला होता.

दोनदा फौज वर गेली आणि दोनदा मार खाऊन खाली आली. तेव्हा नवा कप्तान आला, आणि त्याच्याबरोबर तोफ. ही तोफ सुटी करता यायची. नळी एका खेचरावर, चाकं दुसऱ्यावर, बाकीचं सामान उरलेल्यांवर, असं सात जनावरांचं ओझं. गावासमोरच्या डोंगरधारेवर नेऊन जोडायची आणि सकाळपासून गोळे टाकायचे, असा बेत होता. धारेवरून भावाचं घर पहिलं दिसतं हे आत्याला ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी कप्तान पागेत आला. कप्तान म्हणजे उंटावरचा शहाणा. त्यानं सगळी जनावरं निरखली आणि करड्या घोडीपाशी थांबला.

"ही काय वाहते?"

"काही नाही, साहेब," मुकादम म्हणाला. "हिच्या गळ्यात घंटा असते. ही पुढं चालते आणि..."

"म्हणजे फुकट चारा खाते. वर घंटा वाजवून शत्रूला वर्दीही देणार. काढा हिला."

"साहेब, खेचरांचं असं असतं की..."

"तोफ खेचरं वाहणार का ही म्हातारी?"

शहाण्याला सांगायला जावं आणि शिव्या खाव्यात, इतकी मुकादमाला हौस नव्हती.

"आणि ही बाई कोण?"

"शेण काढते, साहेब."

"मोहिमेच्या वेळी डोंगरातलं माणूस तळावर नको. हिलाही काढा. घोडी तिलाच देऊन टाका."

आत्यानं मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून, दुसरं कशासाठी? खेचर नुसत्या लगामानं चालत नाही, ते घंटेच्या घोडीमागं चालतं, आईमागं चालावं तसं. हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. भर दुपारी आत्या घोडी घेऊन फाटकातून बाहेर पडली. पहारेकऱ्यानं तिला परवान्यावर शिक्कासुद्धा मारून दिला.

फौज मोठ्या वाटेनं दोन दिवसांनी डोंगराच्या पायथ्याच्या नदीवर पोचणार होती. आत्या शेळ्यांच्या वाटेनं एका दिवसात पोचली. भावाला गाठून तिनं सगळं सांगितलं.

"खेचरं घंटेमागं आली नाहीत तर?" भाऊ म्हणाला.

"तर तुम्ही पोरांना घेऊन निघा," आत्या म्हणाली. "मी नाही येणार."

नदीपलीकडं दोन वाटा फुटत होत्या. डावी धारेवर जायची, उजवी घळीतून थेट गावात. आत्या घळीच्या तोंडाशी, झुडपांत, घोडीचा दोर धरून उभी राहिली. घंटेत तिनं कापूस कोंबला होता.

उन्हं चांगली वर आली तेव्हा फौज उतारावर दिसली. घोडी नाही म्हणून खेचरं एकमेकांना दोरांनी बांधून ओढत आणली होती, पाण्यापाशी ते दोर सोडावे लागले. बांधलेली खेचरं प्रवाहात नेली तर एकाचा पाय घसरला की सगळीच जातात. त्यामुळं जनावरं मोकळी आत शिरली. मागून शिपाई आले, बूट गळ्यात अडकवलेले आणि बंदुका डोक्यावर धरलेल्या.

आत्यानं कापूस उपसला आणि घोडीला दोन पावलं चालवलं. घंटा वाजली. एकही खेचर वळलं नाही. पाण्याच्या खळखळाटात तिला स्वतःलाच धड ऐकू आलं नव्हतं. एवढ्यात विसरली असतील का? तिनं घोडीला उघड्यावर आणलं, घंटा हातात धरली आणि खांदा दुखेपर्यंत बडवली.

नळी वाहणाऱ्या खेचराचे कान उभे राहिले. आई मेल्यावर आत्यानं त्याला चिंधीनं दूध पाजून वाढवलं होतं. ते ओरडलं आणि उजवीकडं वळलं. मग बाकीची सहाही पाणी उडवत निघाली. एका शिपायानं शेपूट धरलं आणि लाथ खाऊन तो पाण्यात बसला. कप्तान काठावरून "गोळ्या घाला" म्हणून ओरडत होता, पण शिपाई अजून कमरेइतक्या पाण्यात होते. ते बाहेर आले, बूट चढवले, तोवर तोफ वळणाआड गेली होती. भावानं वरून दरड लोटली आणि घळ बंद केली. शिपाई धावत आले ते वरातीमागून घोडं.

आत्यानं सातही जनावरांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

गावानं तोफ जोडून खाली तोंड करून ठेवली. सामानातली दारू नदीच्या पाण्यानं भिजून वाया गेली होती, तोफ उडणार नाही हे खालच्या कुणाला ठाऊक? वीस दिवस फौज तिच्याकडं बघत बसली. एकविसाव्या दिवशी कप्तान बोलणी करायला वर आला. डोंगर डोंगरातल्यांचाच, फौज नदी ओलांडणार नाही, असा कागद झाला आणि त्यावर त्याची सही झाली.

सही झाल्यावर त्यानं भावाला विचारलं, "नदीवर तुमचे किती लोक होते? मी सरकारला साठ हत्यारबंद कळवलेत."

भावानं आत्याकडं बोट दाखवलं. ती नळीच्या खेचराच्या सोललेल्या पाठीला तेल लावत होती. कप्तानानं तिला ओळखलं.

"साठच राहू द्या, साहेब," आत्या मान वर न करता म्हणाली. "एका बाईचे तुम्हाला साठ दिसले. डोंगरात आम्ही दोनशे बायका आहोत. पुन्हा यायचं मनात आलं, तर आकडा आधी मांडून बघा."