सुरूच्या बनातली झोप

बस सुटायच्या वेळी बाई पत्र्यावर दोन थापा मारायच्या. कंडक्टर मारतो तशाच. फरक इतकाच की कंडक्टर नंतर आत चढतो आणि बाई खालीच राहायच्या. "तुम्ही फक्त या, बाकीचं मी बघते," असं त्यांनी आठवडाभर बजावलेलं असायचं. आम्ही फक्त यायचो. सहलीची बस कोपऱ्यावरून वळली की त्या स्कूटीला किक मारून सदाशिव पेठेतल्या आपल्या घरी जायच्या.

आमची कंपनी सॉफ्टवेअरची. अमेरिकेतली माणसं झोपलेली असताना त्यांची कामं करून ठेवायची, हा तिचा मूळ धंदा. बाई प्रशासन विभागात होत्या. त्याआधी त्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होत्या. देशाने बाजार खुला केला, त्यात तो कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली आणि बाई आमच्याकडे आल्या. तीन पाळ्यांच्या कामगारांची हजेरी सांभाळलेल्या त्या बाईंना आमचे इंजिनिअर बालवाडीतले वाटायचे. मी शेजारच्या टेबलावर बसून आमचं सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहीत असे. त्या कुणी वाचत नसे. त्यामुळे मला बाईंकडे बघायला भरपूर वेळ होता.

तुमच्याही ऑफिसात अशा एक बाई असतीलच. डोकेदुखीची गोळी, सुई-दोरा, जादा छत्री, सगळं ज्यांच्या खणात मिळतं आणि वाढदिवसाचा केक कापताना ज्या दिसत नाहीत, त्या. आमच्याकडे सहलींचं वेड होतं. आठवडाभर काचेच्या इमारतीत एसी लावून बसायचं आणि शनिवारी निसर्गाच्या कुशीत जायचं, असा तो काळ. कुशी शोधायचं काम बाईंचं.

त्या स्वतः कधीच आल्या नाहीत. विचारलं की एकच उत्तर: "सासूबाई आहेत घरी."

सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर होत्या. डोकं मात्र शाबूत होतं. रात्री त्यांना पाणी लागायचं, कूस बदलून द्यावी लागायची आणि ते बाईंशिवाय कुणाला जमत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं. यजमान होते, पण त्यांच्याबद्दल बाईंचं मत फारसं बरं नव्हतं. "आमच्या ह्यांना शेजारी ढोल वाजवले तरी जाग येत नाही," त्या म्हणायच्या. "माणूस चांगला आहे. उपयोग नाही."

सोमवारी सहलीची मंडळी परत आली की बाईंचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. डबा उघडून त्या एकेकाला विचारायच्या. जमिनीवर झोप लागते का? पाठ दुखते का? झाडांमधून वारा जातो त्याचा आवाज कसा येतो? पहाटे दव पडतं म्हणतात, ते अंगाला लागतं का? आमची पोरं सांगणार काय? त्यांनी रात्रभर गाणी लावलेली असायची. "मस्त होतं मॅडम, फुल्ल धमाल," एवढंच ती सांगायची. बाई मान डोलवायच्या आणि चेहऱ्यावरून कळायचं की उत्तर मिळालेलं नाही.

एकदा कंपनीने तंबू विकत घेतले. दुपारी मी सहज गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक तंबू उभा. आत बाई मांडी घालून बसलेल्या. डबा शेजारी, न उघडलेला.

"शिवण तपासतेय," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे."

"पावसात गळायला नको."

उन्हाळ्याचे दिवस होते. मी खाली आलो. ह्या बाईंना जायचंय, खूप जायचंय, हे मला त्या दिवशी कळलं. ऐकून वाईट वाटेल, पण तोपर्यंत हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन ग्राहकाचं पुण्याला यायचं ठरलं. तो फोनवर साहेबांना बोलून गेला की सुट्टीत तो पाइनच्या जंगलात जाऊन राहतो. तिकडे सोय कसलीच नसते, नळ नाही, वीज नाही, आणि पैसेही पडत नाहीत. बस. साहेबांनी आम्हा सगळ्यांना ईमेल धाडली की यंदाची सहल आदिम पद्धतीची, पाइनच्या जंगलात. ह्या साहेबांना नुसत्या नावाने हाक मारायची, असा कंपनीचा नियम होता. बाई तो पाळत नसत.

"अहो साहेब, पुण्याजवळ पाइन नाहीत."

"बघा ना, काहीतरी असेल."

बाईंनी बघितलं. डोंगरात वनखात्याने जुन्या काळी लावलेलं सुरूचं बन त्यांना सापडलं. लांबून पाहिलं तर पाइन. जवळून पाहिलं तर पाहणाऱ्याच्या शिक्षणावर अवलंबून. साहेबांना ते पसंत पडलं. अडचण आली ती पुढे, कारण ते बन फुकट होतं.

आमच्या हिशेब विभागाचा नियम असा की कुठल्याही सहलीसाठी तीन ठिकाणची कोटेशनं हवीत. "फुकट आहे म्हटल्यावर कोटेशन कुणाचं आणू?" बाईंनी विचारलं. विभागातला तरुण म्हणाला, "मॅडम, फ्री असेल तर फ्री आहे असं तिघांकडून लिहून आणा. नाहीतर ऑडिटला प्रॉब्लेम होतो." बाईंनी कारखान्यात संप पाहिले होते, घेराव पाहिले होते. त्यांनी पर्स उचलली. वनखात्याच्या कचेरीत गेल्या आणि काहीच न घेतल्याची पावती मागितली.

तिथले अधिकारी चक्रावले. त्यांच्या नोकरीत पावती नको म्हणणारे पुष्कळ भेटले होते. शेवटी ते म्हणाले, "बाई, पावती मिळणार नाही. एक रात्र राहा. जाळ करायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, कचरा परत न्यायचा. पण पावती नाही म्हटल्यावर मला माणूस लागेल. ह्या पोरांना मी ओळखत नाही. तुम्ही स्वतः तिथे मुक्कामाला असाल तर परवानगी, नाहीतर नाही."

परत आल्या तेव्हा बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता. इतकी वर्षं ज्या दाराशी उभ्या होत्या ते दार कुणीतरी आतून उघडलं होतं आणि आता आत जायची भीती वाटत होती. "मग रद्द करू," त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, "ठीक आहे, रिसॉर्टला जाऊ." बाई टेबलापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "नको. बघते मी."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "घरी काय म्हणाले?"

"काही नाही. जा म्हणाले."

"मग झालं तर."

"अहो, काहीच बोलले नाहीत म्हणजे रागावलेत," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सरळ कुणी बोलतं का?"

बसमध्ये बाई पहिल्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. कात्रजचा बोगदा मागे पडला तरी पाठ टेकली नव्हती. बनापाशी उतरलो तर आमच्या मागोमाग एक टेंपो हजर. त्यात साहेबांनी आदिम जीवनासाठी मागवलेला जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि केटररची माणसं. बाईंनी टेंपो होता तसा परत पाठवला. "अहो साहेब, शब्द दिलाय मी," एवढंच म्हणाल्या. रात्री सगळ्यांनी त्यांनी आणलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली. अमेरिकन पाहुण्याने चटणी तीनदा मागून घेतली. झाडाची एक बारीक काडी उचलून त्याने बोटांनी मोडून पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि झाडं फार सुंदर आहेत एवढंच म्हणाला. सभ्य माणूस.

अंधार पडायच्या आत बाई फोन घेऊन खडकावर चढल्या. हात वर करून, मग अजून वर करून पाहिला. खाली आल्या.

"रेंज नाही."

"मग?"

"मग काय. काही करता येणार नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी ते पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. तंबूत कोंडल्यासारखं होतं म्हणून त्यांनी मोकळ्या जागेत सतरंजी टाकली आणि उशाला पर्स घेऊन आडव्या झाल्या. "नुसती पडते. झोप काही लागायची नाही," असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

सकाळी सूर्योदयाबरोबर साहेबांचं भाषण होतं. येत्या पाच वर्षांत कंपनी कुठे जाणार, हा विषय. लॅपटॉप, सेलवर चालणारा माइक, सगळी तयारी. जागा ठरली होती ती बनातली मोकळी. आणि त्या जागेच्या बरोबर मध्यभागी बाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा कपाळावर सरकलेला, एक हात सतरंजीच्या बाहेर सुरूच्या काड्यांवर. पदरावर दव पडलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

आम्ही भोवती गोळा झालो. साहेबांनी माइक तोंडाशी नेला. पाहुण्याने ओठांवर बोट ठेवलं.

साहेबांनी माइक बंद केला. मग आमच्या कंपनीची पुढची पाच वर्षं कुजबुजत सांगितली गेली. ऐकू यावं म्हणून सगळे जवळ सरकून बसले. कुजबुजताना माणसाला मोठमोठे शब्द वापरता येत नाहीत, त्यामुळे साहेबांच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि ते लवकर संपलं. इतकं समजलेलं भाषण कंपनीत आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. टाळ्या वाजवायच्या म्हणून लोकांनी हात वर करून नुसते हलवले. नंतर पोरांनी बूट हातात घेऊन तंबू गुंडाळले. कुणाच्या तरी फोनचा गजर वाजला तर चौघे त्याच्या अंगावर धावले. मोठ्या आवाजात बोलल्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी ती पोरं, पण त्या दिवशी त्यांनी बिनजाळाचे दडपे पोहे चावतानासुद्धा काळजी घेतली. मला सगळ्यांचा अभिमान वाटला. असं मी त्या कंपनीबद्दल पुन्हा कधी म्हटलेलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाई उठल्या. "का हो, उठवलं नाहीत?" म्हणाल्या आणि पहिल्यांदा पोह्यांत मीठ कमी आहे का ते पाहिलं.

सोमवारी त्या उशिरा आल्या. चहा आला तरी खणच आवरत होत्या. शेवटी मीच विचारलं, घरी सगळं ठीक ना?

"उत्तम," त्या म्हणाल्या. "सासूबाई रात्रभर गाढ झोपल्या होत्या म्हणे. पाणी नाही, काही नाही. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, 'अगं, तू दर रात्री येऊन वाकून बघतेस ना, त्याने मला जाग येते. जाग आली की मग तहान लागते.'"

मला हसू आवरेना. बाईही हसल्या.

"आधी का नाही सांगितलं म्हटलं. तर म्हणाल्या, 'तू एवढ्या मायेने उठतेस, कसं सांगू?'" बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. "इतकी वर्षं हो. मी त्यांच्यासाठी उठत होते, त्या माझ्यासाठी पाणी पीत होत्या."

तेवढ्यात हिशेब विभागातला तरुण पावतीचं विचारायला आला. बाईंनी त्याला कोटेशनच्या नियमावरून असं काही सुनावलं की त्याने महिनाभर आमच्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही.

पुढे मी नोकरी बदलली. सासूबाई गेल्याचं कळलं, बाई निवृत्त झाल्याचंही. परवा पेठेत काम होतं म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. दार यजमानांनी उघडलं. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक अंगाचे, संकोची, हातात वर्तमानपत्र. मी बाईंच्या कंपनीतला, असं सांगितलं.

"ती नाहीये," ते म्हणाले. "त्या तुमच्या बनात गेलीय. दर महिन्याला जाते. गल्लीतल्या चारजणी मिळून जातात. फुकट आहे ना, त्यामुळे मी काही बोलूही शकत नाही."

मी म्हटलं, छान आहे की.

"छानच आहे. आली की दोन दिवस नुसती हसत असते." त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. डोळे तांबारलेले होते. बरं नाही का, असं मी विचारलं.

"तसं काही नाही. ती घरात नसली की मला झोप येत नाही." त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, कुणी ऐकत नाही ना अशा बेताने. "पण हे तिला सांगू नका हं. लगेच जायची थांबेल."