दोघांचा तवा

मल्सुनबाईंनी कोरियातल्या चुनचॉन गावच्या बाजारगल्लीतल्या हॉटेलात सत्तावीस वर्षं तवे परतले. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर परातीएवढा लोखंडी तवा, त्यात लाल तिखटात मुरवलेली कोंबडी, कोबी, रताळ्याच्या फोडी. गिऱ्हाइकानं उलथन्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. तुम्ही गप्पा मारा, परतायला मी आहे, असं म्हणत त्या ते काढून घेत. घरीही तीच तऱ्हा. त्यामुळे मुलगा ग्युवोन चौतीस वर्षांचा घोडा झाला, तरी त्याला साधं अंडं तळता येत नव्हतं.

हा तवा एकट्याला मिळत नसे, कमीत कमी दोघांचा. एकटं कुणी आलं, की बाई हळूच सांगत, कुणाला तरी घेऊन या. नवरा गेल्यापासून त्यांनी स्वतःही तो खाल्ला नव्हता. भातात पाणी ओतायचं, सोबत किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, चार फोडी, की झालं जेवण.

ग्युवोन लग्न करून सोल शहरात राहायला गेला होता; सोल्ही त्याची बायको. रोज संध्याकाळी सातला बाई फोन लावत. दोघं जेवलात का? हो, जेवलो. सोल्ही कशी आहे? बरी आहे. एवढ्यावर फोन संपे आणि बाईंच्या जिवाला घोर लागे. पोराचा आवाज बारीक झालाय की आपलेच कान गेलेत? कित्येक महिन्यांत त्यानं तोंड दाखवलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी त्यानंच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तोंड नव्हतं, तवा होता. मुरवलेल्या कोंबडीचं पाकीट आणलंय, आता पुढं काय, असं विचारत होता. बाई सांगू लागल्या. आधी कोंबडी पसर, लगेच हलवू नकोस. मग रताळं, ते शिजायला वेळ घेतं. कोबी शेवटी, त्याचं त्यालाच पाणी सुटतं. त्यानं सगळं एकदम ओतलं. बाईंचे हात शिवशिवले.

"अरे, एवढा ढीग? कितीचं पाकीट आणलंस?"

"दोघांचं. एकाचं मिळतच नाही, आई."

"एकाचं कशाला हवं होतं तुला?"

त्यानं उलथनं तव्याच्या कडेला ठेवलं.

"सोल्ही मे महिन्यातच गेली."

"माहेरी?"

"नाही, आई. सामान घेऊन गेली. परत येणार नाही."

पाच महिने. दोघं जेवलात का, दोघं जेवलात का. रोज सातच्या ठोक्याला आपणच जखमेवर मीठ चोळत होतो, आणि पोरगं मुकाट्यानं हो म्हणत होतं.

"तवा पुरे झाला. तोंड दाखव."

"नको ना. दाढी वाढलीय."

"जन्मलास तेव्हा डोक्यावर केस नव्हता, तेही बघितलंय मी."

तो फसकन हसला. मग फोन कशाला तरी टेकवून उभा केला. गाल पार आत गेले होते.

बाईंनी उद्या सकाळच्या गाडीनं निघते म्हटलं. इतक्यात नको, तो म्हणाला. नाही येत, त्या म्हणाल्या. मग तो मान खाली घालून खात बसला. रताळं कच्चं राहिलं असणार, पण त्यांनी विचारलं नाही. त्यानं फोन ठेवला नाही, म्हणून त्यांनीही ठेवला नाही. हात अवघडला, तेव्हा त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.