चांगो मुकादमाचा जबाब

चांगो मुकादमाला ओळखत नाही असा माणूस उलव्याच्या साइटवर शोधूनही सापडला नसता. पनवेलजवळच्या कातकरी वाडीतला, पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. हाताखाली बारा माणसं, सगळी वाडीतलीच. कामही एकच, पाइपासाठी चर खणायचे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण उलव्याची जमीन त्याला जेवढी कळायची तेवढी इंजिनीयरच्या बापालाही कळली नसती. ही जमीन म्हणजे मुळातली खाडी, वर मुरूम टाकून सपाट केलेली. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की पाणी खालून गुपचूप आत शिरतं आणि वरून खडखडीत दिसणारी भिंत आतून सुटते.

म्हणून चांगोची एक रीत होती. चर खोल गेला की आधी तो एकटा अनवाणी खाली उतरायचा. भिंतीला पाठ टेकून एक बिडी ओढायचा, अगदी निवांत. बिडी संपली की पाठीवरचा सदरा चाचपायचा. कोरडा असेल तर हाक, "या रे!" ओला असेल तर त्या दिवशी त्या चरात कुणी पाय टाकायचा नाही, मग साहेब वर थयथयाट करो नाहीतर फुगड्या घालो. साहेब लोक हसायचे, मुकादमाला बिडीला निमित्त लागतं म्हणायचे. हसोत बापडे! बावीस वर्षांत त्याच्या टोळीतलं एकही माणूस मातीखाली गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी ठेकेदाराला सुधारणेची हुक्की आली. सगळ्या मुकादमांना खांदा कॉलनीतल्या एका हॉलमध्ये नेऊन बसवलं. शिकवायला वसुंधरा मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. टेबलावर चाळीस पत्ते पसरलेले, प्रत्येकावर एक शब्द. तुमची स्वतःची मूल्यं ओळखा, त्यातली तीन निवडा, चांगला पुढारी तिथूनच घडतो, असं त्यांचं म्हणणं. चांगोला वाचता येईना, म्हणून ठेकेदाराचा माणूस धनेश याने त्याच्यासाठी तीन पत्ते उचलले: शिस्त, निष्ठा, प्रगती. घ्या! माणसाच्या काळजात काय आहे तेसुद्धा दुसऱ्यानेच ठरवलं. बाई मात्र मनाने चांगल्या होत्या. शेजारी येऊन बसल्या आणि विचारलं, "काका, काही झालं तरी हे मी करणार नाही, असं तुमचं काय आहे?" असलं काही त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तो लाजून हसला. "तसं काय नाय, बाई," म्हणाला.

मग चांगोचा सुपरवायझर झाला. नारिंगी जॅकेट, बूट, आणि रोज सकाळी कामाच्या कागदावर अंगठा. धनेशने बजावलं, "सुपरवायझर चरात उतरत नसतो. वर उभं राहून माणसं उतरवायची. आणि बिडी बंद." खोटं कशाला बोला, चांगोला ते जॅकेट आवडलं. वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, तरी तो ते घालूनच फिरायचा. चारपाच महिने काही झालं नाही. आपण उगाच बावीस वर्षं खाली बसत होतो, असंही त्याला एकदोनदा वाटून गेलं.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भाचा गोरख चरात होता. खालून ओरडला, "मामा, भिंत वली लागते रं!"

चांगोने खाली पाहिलं, मग धनेशकडे पाहिलं. धनेश म्हणाला, "पाइप आजच बसला पाहिजे." आणि बावीस वर्षांत जे कधी तोंडातून गेलं नव्हतं ते चांगोच्या तोंडून गेलं. "आटप बेगीन, थोडंच राह्यलंय."

भिंत खाली आली. फार आवाजही झाला नाही. चांगोने उडी टाकली, नखं फाटेस्तोवर माती उपसली. गोरख हाताला लागला तेव्हा त्याच्या तोंडात चिखल भरला होता.

दुपारी पोलीस चौकीच्या बाकावर धनेश त्याच्या कानाशी लागला. "गोरख प्यायलेला होता, न विचारता उतरला, एवढंच सांग. बाकी कागदांचं आम्ही बघतो. नाहीतर अंगठा तुझा आहे, केस तुझ्यावर." कातकरी म्हटलं की दारू, कोणीही मान डोलावणार. ठेकेदाराचा सुंठीवाचून खोकला जाणार. आणि गोरख? त्याने उभ्या आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं.

चांगोला पोलिसांची भीती होती, साधीसुधी नाही. त्याच्या बापाला तरुणपणी चोरीच्या नुसत्या संशयावरून उचललं होतं, तो पुढे कधी सरळ चालला नाही. पण मेल्या पोराला दारुडा म्हणायचं, हे काही झालं तरी आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला त्या बाकावर स्वच्छ कळलं. बाईंना द्यायचं उत्तर हेच होतं. ते सुचायला गोरख मरावा लागला, या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत जाऊन तो हवालदाराला म्हणाला, "गोरख प्याला नवता. भिंत वली हाय म्हनून त्यानं मला सांगितलं. धनेशसायेब म्हनला, पाइप आजच पायजे. आनि मी म्हनलो, आटप. मी उतरून बगितलं नाय. चूक माझी हाय."

हवालदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं. चांगोची चूक शब्दन् शब्द उतरली होती. धनेशचं नाव कुठेच नव्हतं.

"सायबाचं नाव ऱ्हायलं."

"ते नंतर बघू. अंगठा कर."

गोरखची बायको भामा दारातून हे ऐकत होती. ती आत आली. चांगोला वाटलं, आता ही आपल्या तोंडावर थुंकणार, आणि थुंकली तर बरंच होईल.

"मामा, मी तुला कवाच माफ करनार नाय," ती म्हणाली.

"नको करू."

मग ती हवालदाराकडे वळली. "ह्याचं लिवलंस ना? आता ज्यानं ह्याला वर उभा केला त्याचं लिव."

चांगोने पुढे केलेला हात मागे घेतला. "नाव लिवा, मंग अंगठा."

"आत जायचंय का तुला?"

"जातो."

त्याला आत घातलं. भामा टेबलासमोर फरशीवर बसली.

"बाई, घरी जा. मयताची तयारी करा."

"मयत थांबंल," भामा म्हणाली. "तू लिव."