दोन ठोक्यांमधलं अंतर

बेशुद्ध पेशंटांच्या खोलीत मी सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली. लोक विचारतात, "तिथं कसले किस्से? पेशंट तर बोलतच नाहीत!" अहो, पेशंट गप्प असतो म्हणूनच बाकीचे सगळे बोलत सुटतात! कुणी खाटेपाशी भांडतं, कुणी नवस बोलतं, कुणी जुनी चूक कबूल करून टाकतं. रोज थोडं थोडं कानावर पडतं अन् नोकरी संपताना बघावं तर पोतंभर साठलेलं असतं.

हे किस्से ऐंशीच्या आसपासचे, आमच्या उस्मानाबादकडच्या दवाखान्यातले.

*

आमचे डॉक्टर देगावकर काडीसारखे बारीक अन् कमी बोलणारे. ईसीजीचं एकच मशीन होतं. ते बेशुद्ध पेशंटला लावून डॉक्टर कागदाची लांबच्या लांब पट्टी काढायचे अन् शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन एकेका ठोक्यामधलं अंतर मोजत बसायचे.

"सिस्टर, ठोके घड्याळासारखे नेमके पडायला लागले की मला भीती वाटते. अंतर जरा कमीजास्त होत असलं, तर समजायचं, मेंदूचं अजून हृदयाकडं लक्ष आहे."

डिव्हायडर झिजला म्हणून त्यांनी स्टोअरकडं नव्या कंपासपेटीची मागणी पाठवली. स्टोअरकीपरनं त्यावरच लिहून परत केलं, "सोबत पाटी-पेन्सिल पण देऊ का?"

*

बेंबळीचे एक आजोबा बैलगाडीवरनं पडून बेशुद्ध झाले होते. पट्टी बघून डॉक्टर खुशीत म्हणाले, "झकास! ठोके मागंपुढं पडायलेत."

आजोबांचा मुलगा भडकला. "आमच्या बाचे ठोके चुकायलेत अन् तुमी हसायलाव व्हय?"

डॉक्टरांनी त्यालाच शेजारच्या खाटेवर निजवलं. त्याची पट्टी काढली, डिव्हायडर लावून दाखवला. "बघा, तुमचे पण मागंपुढंच पडतात."

मुलगा पट्टीकडं बघत राहिला. मग डोक्याखाली उशी ओढत बारीक आवाजात म्हणाला, "मग मला बी ठिवून घ्या की, डॉक्टर!"

*

एका दूध सोसायटीचे चेअरमन भर सभेत कोसळले. दुसऱ्या दिवशी अख्खं संचालक मंडळ भेटायला आलं. मशीन चालूच होतं.

व्हाइस चेअरमन कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, लवकर बरे व्हा. तुमच्याशिवाय सोसायटी पोरकी झाली." पट्टीवर काही फरक नाही. एक संचालक हुंदके देऊन रडले. तरी नाही.

निघताना व्हाइस चेअरमन दारातनं शेजारच्या संचालकाला म्हणाले, "आता खुर्ची मलाच सांभाळावी लागती बघा."

डॉक्टर पट्टीवरनं मान वर न करता ओरडले, "परत बोला! परत बोला! फरक पडायलाय!"

*

सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडताना एक बाई उन्हानं कोसळली. पट्टी चांगली होती. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना धीर दिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी डिव्हायडर कपाटात टाकला. "अंदाज तो शेवटी अंदाजच, सिस्टर."

पंधरा दिवसांनी तिचे वडील मुद्दाम आले. म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमी मोजत बसायचाव, तवर वाटायचं, माझ्या लेकीकडं कुणीतरी बघायलंय. दुसऱ्यांचं मोजायचं सोडू नगा."

 डॉक्टरांनी कपाट उघडलं.

*

भूमकडचे एक गृहस्थ चिंचेच्या झाडावरनं पडले. नऊ दिवस बेशुद्ध. पट्टीवर ठोके अगदी नेमके, एकासारखा एक. बायको खाटेपाशी बसून असायची, पण तोंडातनं शब्द नाही.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्यांच्याशी बोला. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या."

"आमचं बोलणं न्हाय."

"म्हणजे?"

"बहात्तरच्या दुष्काळात माझी गाय मला न इचारता बाजारात नेली त्यांनी. 'चुकलं का?' इचारलं, तर 'न्हाय' म्हणाले. तवापासनं बोलणं न्हाय."

एवढी वर्षं! घरात काही सांगायचं झालं तर लेकीच्या तोंडून.

डॉक्टरांनी हात जोडले. "मावशी, आता तरी बोला."

बाईंनी लई वेळ विचार केला. मग आम्हा दोघांना लांब सरायला लावलं, पदर सावरला अन् नवऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. अगदी थोडं. मशीन पट्टी सोडतच होतं. डॉक्टरांनी त्या पट्टीवर डिव्हायडर ठेवला, पुढं सरकवला, परत ठेवला. 

"सिस्टर, अंतर बदललं!"

त्यानंतर बाई रोज सकाळी कानाशी तेवढंच विचारायच्या अन् परत गप्प बसायच्या. पाचव्या दिवशी नवऱ्यानं डोळे उघडले. डॉक्टरांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू मान वळवून बायकोकडं बघितलं अन् बसक्या आवाजात म्हणाला, "न्हाय!"

बाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आले," त्या म्हणाल्या. "पुरते शुद्धीवर आले!"