एकाच पत्त्यावर शेळ्या आणि कॉलेज

वडवणीत आमच्या कॉलेजची वेबसाइट सांभाळणारा माणूस बोलताना स्क्रीनवरची नजर काढत नाही. त्याच्या एकाच सर्व्हरवर आमचं कॉलेज आहे आणि धनगरांचा शेळीबाजारही. पत्ता एकच, तिरप्या रेघेपुढचा शब्द तेवढा वेगळा. प्राचार्यांना हा शेजार खटकला. त्यांचा निरोप सांगायला मीच त्या माणसाकडे गेलो.

"शेळ्या काढा म्हणतात प्राचार्य."

"कावून?"

"शोभत नाही म्हणे."

"शेळ्यावाले कदी म्हणले न्हाईत, कॉलेज काढा म्हणून." एवढं बोलून त्यानं कॉलेजची सगळी साइट पेनड्राइव्हवर उतरवली आणि माझ्या हातात दिली. "न्या सर. दुसरीकडं लई चांगली जागा मिळंल."

मी पेनड्राइव्ह त्याच्याच टेबलावर ठेवला. प्राचार्यांना सांगितलं, तांत्रिक अडचण आहे, शेळ्या काढता येत नाहीत.