गेनूमामांनी नको म्हटलं होतं

मैत्रिणींनो, नदी ओळखणाऱ्या माणसाचं सोडून मी पुस्तकं वाचलेल्यांचं का ऐकलं? आपल्या साऱ्याजणींत फिरणाऱ्या या पत्रात आज घडलं तेवढं लिहिते.

कुकडीकाठच्या वनस्पतींचा अभ्यास करायला पुण्याहून दोन प्राध्यापक येडगावला आले होते. गावचे सांगडवाले गेनूमामा त्यांना सांगडीवर, म्हणजे वाळल्या भोपळ्यांच्या तराफ्यावर, बसवून नदीतून खाली नेणार होते. सकाळी निघण्याआधी त्यांनी नेहमीसारखा एकेक भोपळा टिचकी मारून ऐकला.

"दोन भोपळ्यांनी पाणी धरलंय. आज न्हाई जायाचं. उद्या दुसरं बांधतो."

प्राध्यापकांना संध्याकाळची मोटार गाठायची होती. मीच म्हणाले, "मामा, एवढे शिकलेले लोक बसायला तयार आहेत आणि तुम्हीच भिता?"

मामा हसले. "भोपळ्याला कुटं शिक्षान कळतंय, ताई?" पण माझ्या शब्दाखातर निघाले.

डोहात सांगड कलंडली. मामांनी दोघांनाही काठाला लावलं. मामांचा देह मात्र दुपारी गळ टाकून काढावा लागला.

गावातली पदवीधर म्हणून पाटलांनी जबाब लिहायला मला बसवलं. थोरले प्राध्यापक म्हणाले, "सांगडवाल्याचा निष्काळजीपणा, असं लिहा."

मामी दारात उभ्या होत्या. "त्यांनी कवा हयगय केली न्हाई, पोरी," एवढंच त्या बोलल्या.

मामा नको म्हणत होते आणि मी त्यांना डिवचून पाठवलं, असं मी लिहिलं. खाली माझी सही केली. कागद जुन्नरच्या पोलीस ठाण्यात गेलासुद्धा.