फ्रेंच बँडचा कुळवृत्तांत

मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही, असं आमच्या ह्यांचं ठाम मत आहे. असू दे. त्यांना नाट्यगीतापलीकडे सगळा गोंगाटच. पण एका फ्रेंच प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा इतिहास मला तोंडपाठ आहे. कोण कधी आला, कोण कुणाशी भांडून गेला, कोण तोंड पाडून परत आला, रात्री उठवून विचारा. आणि ह्याला कारण संगीत नाही, माझ्या मैत्रिणीच्या घरचा कुळवृत्तांत आहे.

तीसेक वर्षांपूर्वी एडिनबरात हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. दोघी नवशिक्या डॉक्टर, दोघी पुण्याच्या, दोघी कायम कुडकुडणाऱ्या. पहिल्याच हिवाळ्यात तिनं चॅरिटी शॉपमधून एक जुनी रेकॉर्ड आणली. का, तर कव्हरवर गाढव होतं आणि तिला ते आवडलं. अख्ख्या एका बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांचं. फ्रेंच दोघींनाही येत नव्हतं. पण त्यातला ड्रमर असा काही सुटला होता की आमचा चहा कपातच गार झाला.

त्याच सुमाराला तिचे वडील पुण्यात त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत तयार करत होते. रिटायर झाल्यापासून माणसानं दुसरं काही केलं नव्हतं. इंग्लंड-स्कॉटलंडमधले नातेवाईक शोधून माहिती भर, म्हणून त्यांनी लेकीला कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा पाठवला होता. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, व्यवसाय, पती किंवा पत्नी, अपत्यं. नातेवाईक काही सापडेनात. मग म्हटलं, फॉर्म कशाला वाया घालवायचे? आम्ही बँडचा कुळवृत्तांत लिहायला घेतला.

लायब्ररीतली जुनी मासिकं, रेकॉर्डची कव्हरं, जिथून मिळेल तिथून माहिती. बंद पडलेल्या कापडगिरणीत सराव करणारी सहा पोरं, हे मूळपुरुष. त्यातला बासरीवाला दुसऱ्या रेकॉर्डनंतर दातांचा डॉक्टर झाला. गिटारवाला रुसून गेला, त्यानं सवतासुभा मांडला, तो चालेना म्हणून परत आला. कीबोर्डवाल्यानं बायकोला गायला आणलं. दोन वर्षांनी बायको राहिली आणि तो गेला. जागचा हलला नाही तो फक्त ड्रमर. त्याला आम्ही कर्ता पुरुष म्हणायचो. कुणाची शाखा थोरली, कुणाची धाकटी, ह्यावरून आम्ही अशा कडाकडा भांडायचो की भिंतीपलीकडची नर्स दार वाजवायची. तिचा ड्रमरवर भारी जीव. म्हणून त्याच्या फॉर्मवर ‘पत्नी’समोर मी तिचंच नाव लिहिलं, पुण्याच्या पत्त्यासकट. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

आता माझं पाप. एका सकाळी ती कामावर जाताना म्हणाली, माझा फॉर्म भरून ठेवलाय, तेवढा बाबांना पोस्ट कर. आदल्या दिवशी आमचं त्या कीबोर्डवाल्यावरूनच वाजलं होतं आणि माझा पारा अजून उतरला नव्हता. टेबलावर तिच्या नावाचं जे दिसलं ते न बघता पाकिटात कोंबलं आणि टाकलं पेटीत. आठवड्यानं लक्षात आलं की ड्रमरचा फॉर्म गठ्ठ्यात नाही. पुण्याला एक फोन केला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी केला नाही. लाज वाटली, आणि म्हटलं, थट्टा आहे हे कळेल की त्यांना.

त्यांना कळलं नाही. कुळवृत्तांतात लपवाछपवी चालणार नाही, म्हणून त्यांनी भल्याभल्या नातेवाइकांना पत्रं लिहून झापलं होतं. आता स्वतःच्याच लेकीनं परस्पर लग्न केलेलं. ते कसं झाकणार? तिला सांगावंसं वाटलं नाही तर मी कशाला विचारू, म्हणून तो मानी माणूस गप्प बसला, आणि त्यानं छापलं. जावई, राहणार फ्रान्स, व्यवसाय तालवादक.

तेव्हा पुण्यातल्या एका मुलाशी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तिला तो मनापासून आवडला होता. ते पुस्तक त्या घरी गेलं. झालेलं लग्न लपवून स्थळ दाखवता, असा निरोप आला. खुलासे होईपर्यंत त्या मुलाचं दुसरीकडे ठरलंसुद्धा. आपणच घाईत चुकीचा फॉर्म काढून ठेवला, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं वडिलांची फोनवर माफी मागितली, आणि त्यांनी प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. तिनं पुढे लग्न केलं नाही. ती एडिनबरातच राहिली, मी लग्न करून वॉटफर्डला आले. आणि मी मूग गिळून बसले.

यंदा बँडचा शेवटचा दौरा निघाला. आमच्या जवळच्याच एका हॉलमध्ये रविवारी दुपारी तीनचा प्रयोग. श्रोत्यांची वयं बघता त्यांनी फार शहाणपणा केला. ती सकाळच्या ट्रेननं आली. मूळच्या सहांतला फक्त ड्रमर उरलाय, पंच्याहत्तरी उलटलेला. कीबोर्डवर त्याची मुलगी. पण म्हातारा वाजवतो अजून तसाच, मेला. मध्यंतरात आम्ही आइस्क्रीमचे छोटे डबे घेऊन बसलो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“तू बरोबर फॉर्म ठेवला होतास. तो चुकीचा पाकिटात मी घातला, न बघता.”

तिनं चमचा खाली ठेवला. “कधी कळलं तुला?”

“आठवड्यानं. छापायच्या आधी. फोन केला नाही मी.”

“मी बाबांची माफी मागत होते,” ती म्हणाली, “तेव्हा तू शेजारी उभी होतीस.”

मला रडूच फुटलं. “माझ्यामुळे तुझं लग्न राहिलं गं. सगळं आयुष्य बिघडवलं मी तुझं.”

इतका वेळ शांत असलेली बाई आता भडकली. “बिघडलं? कोण म्हणतं बिघडलं? नंतर तीन स्थळं आली, मी नको म्हटलं. घर आहे, कुत्रा आहे, आयुष्यभर मनासारखं काम केलं. तू मला बिचारी समजत होतीस? इतकी वर्षं?”

मी मान खाली घातली. समजत होते, हे खरंच होतं.

“तरीच,” ती म्हणाली. “सगळ्या जगाशी भांडतेस. नवऱ्याशी, कौन्सिलशी, रिसेप्शनिस्टशी. माझ्याशी मात्र सगळं हो गं, बरं गं, तू म्हणशील तसं. पाहुण्याशी बोलावं तसं. मला वाटायचं, मी परकी झाले हिला. लग्नाचं दुःख वर्षभर होतं. ह्याचं अजून आहे.”

मला वाटत होतं मी तिला जपतेय. तिची एकुलती एक भांडखोर मैत्रीण मी तिच्यापासून काढून घेतली होती, आणि ते मला इतक्या वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं.

“बोल आता काहीतरी,” ती म्हणाली. “खरं बोल.”

मी डोळे पुसले. “तुझा कुत्रा मला मुळीच आवडत नाही. लाडावून ठेवलायस. माझ्या अंथरुणात झोपतो, मला शिसारी येते.”

“मग येऊ नकोस माझ्याकडे.”

“येणार. त्याला बाहेर बांध.”

“तो का बाहेर? घर त्याचं आहे. तूच झोप बाहेर.”

हॉलमधले दिवे मंद झाले. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी शू केलं. मग ती माझ्या कानाशी वाकली. “माफ केलेलं नाहीये हं मी तुला.”

“नको करूस,” मी म्हटलं. “पण भांड.”